भाडं कितलं लेतस?

सुरतेतल्या एका हुशार भाडेकरूची नोंद १६८९ सालची आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री त्या वर्षी इथे उतरला आणि मायदेशी परतल्यावर त्याने सुरतेच्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की ईस्ट इंडिया कंपनीचा प्रेसिडेंट आणि त्याचं मंडळ ज्या घरात राहतं ते घर बादशहाचं. वर्षाचं भाडं साठ पौंड. पण त्यातला बराचसा पैसा घराच्या दुरुस्तीत किंवा सजावटीत खर्ची पडतो, त्यामुळे बादशाही खजिन्यात भरायला सहसा काही उरत नाही. औरंगजेबाचं भाडं डागडुजीत जिरवणारा हा भाडेकरू पुढे सगळ्या देशाचा मालक होऊन बसला, ते सोडा. मालकाला काय कळतं आणि काय कळत नाही, कुठला खर्च दाखवला की तो मुकाट्याने मान्य करतो, याचा त्याने केलेला अभ्यास मात्र पक्का होता.

मराठी माणसाची सुरतेशी पहिली मोठी गाठ १६६४ची, आणि ती काही भाडेकराराची नव्हती. तिथेही आधी बातमी काढली गेली. कोणत्या सावकाराच्या वाड्यात काय आहे हे बहिर्जी नाईकांनी वेष पालटून हेरलं, असं परंपरा सांगते. आज मराठी माणूस सुरतेत येतो तो उधना स्टेशनावर, भुसावळकडून आलेल्या गाडीतून. खांद्यावर चेनची बॅग, मागे बायको, तिच्या कडेवर पोर. बातमी त्यालाही हवीच असते. खोली कुठे रिकामी आहे, आणि खरोखर कितीला मिळेल.

त्यातलं 'खरोखर' फार अवघड. वर्तमानपत्रात सोन्याचा भाव येतो, बाजार समितीत कापसाचा फळ्यावर लिहिला जातो. भाड्याच्या खोलीचा भाव कुठेच लिहिलेला नसतो. जो सांगितला जातो तो मागणीचा आकडा. सौदा उतरला कितीला, हे फक्त दोघांना ठाऊक, आणि त्यातला एक जण गप्प बसण्यातच फायद्यात असतो.

खानदेशातून सुरतेकडे येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकली गेली. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, त्यामुळे एकाच बाकावर दोन राज्यं बसतात. या रुळांवरून धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला आली. मुंबई लांब आणि महाग, पुणे त्याहून परकं, सुरत मात्र सकाळी निघालं तर दुपारी जेवायला पोचावं इतक्या अंतरावर. लिंबायत, नवागाम, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसरा, भेस्तान या भागांत फिरताना मधूनच आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. श्रावणात इथे खानदेशातली कानबाई बसते, मिरवणुकीने विसर्जनाला जाते. लिंबायतच्या आमदार २०१२पासून संगीता पाटील आहेत. हा भाग ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतो त्याचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात आणि त्यात मराठी आहे. खोली बघणाऱ्या आईबापांच्या हिशेबात ही शाळा असते. मराठी शाळा चालत जाता येईल अशी असेल, तर शेपाचशे रुपये जास्त द्यायला बाई तयार होते. नवरा कुरकुरतो, पण देतो.

माझ्या नात्यातलं एक तरुण जोडपं शिंदखेड्याकडून सुरतेला आलं. तो पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागला होता. सुरुवातीला मामेभावाकडे मुक्काम, आणि रोज संध्याकाळी खोली शोधणं. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर हिंडलो. लिंबायत आणि गोडादऱ्याच्या मधल्या पट्ट्यात एकाला एक लागून उभी असलेली अरुंद घरं, तळमजला आणि वर दोन मजले, बाहेरून लोखंडी जिना. मालकीण पारोळ्याकडची, तीस वर्षं सुरतेत राहिलेली. नवरा मागावर असताना प्लॉट घेतला, मग एकेक मजला चढवत नेला. आता ती वर राहते आणि खालच्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं.

"मावशी, भाडं कितलं लेतस?"

"पाच हजार. लाइट अलग. डिपॉझिट दोन महिनानं."

"पानी कव्हय येस?"

"सकाळले येस. मोटर शे ना."

हे सगळं त्या तरुणाने विचारलं. त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या सुनेने, एक शब्द काढला नाही. ती भिंत बघत होती. भिंतीला गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली, नव्या रंगाचा एक पट्टा होता. वरचा रंग जुना, मळकट. पट्टा मात्र ताजा. ती बाहेर गेली, शेजारच्या ओट्यावर भांडी घासणाऱ्या बाईपाशी उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "बहीण, खाडीनं पानी येस का आठे?"

लिंबायतमधून मिठी खाडी वाहते. नाव मिठी असलं तरी पावसाळ्यात तिचा गोडवा संपतो. २०२४च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२५च्या जूनमध्ये खाडीचं पाणी लिंबायत, गोडादरा, पर्वत पाटिया भागांतल्या घरांत शिरलं. सुरतेला पुराचा मोठा धडा मिळाला तो २००६च्या ऑगस्टमध्ये. उकाई धरणातून पाणी सोडलं गेलं आणि शहराचा बहुतेक भाग तापीखाली गेला. अडाजण, रांदेर, अठवा अशा सुखवस्तू वस्त्याही सुटल्या नाहीत. पण तापीच्या पुराची चर्चा होते, त्यावर अहवाल निघतात. खाडीचा पूर हा गरिबांचा, दर एकदोन वर्षांनी येणारा, गादी आणि धान्याचे डबे भिजवून जाणारा पूर. त्याची नोंद भिंतीवरच्या रंगाच्या पट्ट्यात असते आणि शेजारणीच्या तोंडी.

शेजारीण म्हणाली, येतं. दोन वर्षांत दोनदा आलं. मग सुनेने आणखी एक प्रश्न विचारला, आणि खोली बघायला निघणाऱ्या प्रत्येकाने तो पाठ करावा असं मला वाटतं: "पहिला भाडेकरू काबर गया?"

का गेला, यातच बाजाराची निम्मी माहिती असते. मालकाने भाडं वाढवलं म्हणून गेला असेल, तर आधी किती होतं ते कळतं. पाणी पुरत नव्हतं म्हणून गेला असेल, तर मोटर असूनही टाकी भरत नाही हे कळतं. गावाकडे परत गेला असेल, तर खोलीत खोट नाही, आणि बहुतेक डिपॉझिट परत मिळालेलं असतं. आणि शेजारीण या प्रश्नावर नुसती हसली आणि भांड्यांकडे वळली, तर तेही एक उत्तर समजावं.

ती खोली त्यांनी घेतली नाही. दोन गल्ल्या सोडून, उंचवट्यावर, पहिल्या मजल्यावरची घेतली. भाडं चारशे रुपयांनी जास्त, पण मीटर स्वतंत्र. इथे थोडी आकडेमोड करायला हवी, कारण सुरतेतल्या कामगार वस्त्यांत भाड्याचा आकडा अर्धवटच असतो. समजा, पाच हजारांच्या खोलीत मालकाचा सबमीटर आहे आणि तो युनिटला दहा रुपये घेतो. पंखा, टीव्ही, छोटा फ्रिज धरून महिन्याला सव्वाशे युनिट जळले, तर साडेबाराशे झाले. एकूण सहा हजार अडीचशे. चोपन्नशेच्या खोलीत मीटर वेगळा असेल आणि वीज कंपनीचं बिल साडेसातशे आलं, तर एकूण सहा हजार दीडशे. महाग दिसणारी खोली स्वस्त निघाली. आता तीच खोली मिलपासून इतकी लांब असेल की जायला वीस आणि यायला वीस रुपये शेअर रिक्षाला लागतात, तर सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस झाले आणि पुन्हा सगळं उलटं फिरलं. हा हिशेब कागदावर कोणी करत नाही. पण जुन्या सुरतकर खानदेशी माणसाच्या डोक्यात तो तयार असतो. म्हणूनच नवख्याला तो आधी विचारतो, "कामले कोठे जास?" त्यानंतर खोली सुचवतो.

या शहरात भावाची माहिती हाच मोठा धंदा आहे. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात सकाळी उभे राहा. रस्त्यावर, दुचाकीच्या सीटवर, पानाच्या ठेल्याशी कागदी पुड्या उघडल्या जातात, भिंगातून खडे बघितले जातात आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक असतं की कुठल्या मालाचा भाव आज किती मोडला. रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये ग्रे कापडाचा मीटरचा भाव पैशांत हलला तरी बातमी होते. दलाल दोन्हीकडे असतात आणि शेकड्यांनी असतात, त्यामुळे एकाने लपवलं तर दुसरा सांगतो. मग ज्या शहरात खड्याच्या भावाची एवढी बित्तंबातमी राहते, तिथे खोलीचा भाव का लपून राहतो? हिऱ्याचा व्यापारी दिवसातून अनेकदा सौदा करतो. भाडेकरू तीन-चार वर्षांतून एकदा बाजारात येतो, तोही घाईत, बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरी टाकून. मालक मात्र कायम बाजारातच बसलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर.

घरांचे दलालही आहेतच. पंधरा दिवसांपासून महिनाभराच्या भाड्याएवढी दलाली ते घेतात, अनेकदा दोन्ही बाजूंनी. पण लिंबायत-डिंडोलीतल्या एक खोली-स्वयंपाकघराच्या सौद्यात दलालाला फारसं सुटत नाही, त्यामुळे चांगला दलाल वेसू, अलथाण, पाल, अडाजणकडे वळलेला असतो. मॅजिकब्रिक्स आणि नाइन्टीनाइन एकर्सचंही तेच. दोन-तीन बेडरूमचे फ्लॅट तिथे फोटोंसह दिसतात, भाडं लिहिलेलं असतं. तोही मागणीचाच भाव, पण निदान दहा घरं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात आणि कुठला मालक हवेत आहे ते ओळखता येतं. जाहिरात महिनाभर तशीच पडून राहिली असेल तर आकडा चुकलेला आहे, एवढं कोणालाही कळतं. १८६३पासून सुरतेत निघणाऱ्या 'गुजरातमित्र'सारख्या दैनिकातल्या छोट्या जाहिराती आणि भिंतींवरच्या 'भाडे आपवानुं छे' या पाट्या अजून चालतात. कामगार वस्तीत मात्र किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला आणि गावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हेच बाजार चालवतात. यातला गिरणीवाला मला सर्वांत भरवशाचा वाटतो. कोणाचं दळण बंद झालं, म्हणजे कोण गाव सोडून गेलं, हे त्याला घरमालकाच्या आधी कळतं.

गावकीच्या माहितीत एक मेख आहे, आणि आपल्या लोकांत तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. माहिती खरी असते, पण एका गल्लीपुरतीच. मामेभाऊ आपल्याला त्याच्याच आळीत नेतो, कारण त्याला तेवढीच ठाऊक असते. तिथला मालक आपलाच असल्यामुळे घासाघीस करायला संकोच वाटतो. 'आपल्या माणसाकडून जास्त काय मागायचं' असं मालक म्हणतो आणि 'आपल्या माणसाला कमी कसं सांगायचं' असं भाडेकरू मनात म्हणतो. या दोन वाक्यांमधला फायदा कोणाला होतो हे सांगायला नको. दोन किलोमीटरवर, रेल्वेलाइनच्या पलीकडे, तशीच खोली कमी भाड्यात असू शकते. पण तिथे उत्तर प्रदेशातली माणसं राहतात किंवा ओडिशातली, आणि तिकडे पाऊल टाकायला मन धजत नाही.

तिकडून आपल्याकडे यायलाही वाट मोकळी नाही. 'कौन समाज?' हा सुरतेत भाड्याआधी येणारा प्रश्न. वराछा, कतारगामच्या अनेक सोसायट्यांत अंडं-मटण चालत नाही, म्हणजे खानदेशी माणूस दारातच अडला. मुसलमान भाडेकरूला तर कित्येक गल्ल्यांत भाव विचारायचीही सोय नसते. शिवाय गुजरातेत 'अशांत धारा' म्हणून ओळखला जाणारा १९९१चा कायदा आहे. ज्या भागांना तो लागू होतो तिथे मालमत्ता विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सुरतेतल्याही अनेक भागांना तो लागू आहे. कायदा करताना हेतू सांगितला गेला तो दंगलीत घाबरवून घरं विकायला लावू नयेत असा; पण शहराच्या रेषा त्याने पक्क्या केल्या. आणि घरांची विक्री ज्या रेषेवर थांबते, तिथे भाड्याच्या चौकश्याही थांबतात. बाजारभावाची माहिती म्हणताना आपण समजतो की एक बाजार आहे. सुरतेत प्रत्येक समाजाचा खोल्यांचा बाजार वेगळा, आणि एकातला भाव दुसऱ्याला ठाऊक नसतो.

सर्वांत दाट बाजार ओडिया कामगारांचा. गंजाम जिल्ह्यातून आलेले हजारो तरुण वेड रोड, कतारगाम, पांडेसरा भागांतल्या मागांवर बारा बारा तासांच्या पाळीत काम करतात. त्यांच्या मेसमध्ये खोली भाड्याने मिळत नाही, झोपायची जागा मिळते. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला अंग टाकतो. एका हॉलमध्ये डझनांनी माणसं, जेवण त्यातच धरलेलं, हिशेब डोक्यामागे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या मजुरांचा अभ्यास करत आले आहेत. या शहरातल्या कामगाराचं राहणं त्याच्या कामाच्या पाळीला कसं बांधलेलं असतं, हे त्यांच्या लिखाणात वारंवार येतं. चौरस फुटामागे काढलं तर असल्या हॉलचं भाडं वेसूच्या फ्लॅटपेक्षा जास्त भरेल की काय, असा संशय मला आहे.

सरकारला भाडी ठाऊक नाहीत असं मात्र समजू नका. केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला काढतो. २०१६ पायाभूत धरलेल्या सध्याच्या मालिकेत देशभरातली ८८ केंद्रं आहेत आणि त्यात सुरत आहे. डाळ-तांदूळ-तेलाबरोबर त्यात घराचा खर्चही मोजला जातो. नव्या मालिकेत त्याचं वजन शेकडा १६.८७ आहे. त्यासाठी ठरावीक घरांची भाडी दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारली जातात. त्याच घरात आता काय भाडं आहे, गेल्या वेळी काय होतं. म्हणजे मी वर ज्याला 'उतरलेला भाव' म्हटलं, तो सुरतेतल्या कामगार वस्त्यांत सरकारी माणूस वर्षातून दोनदा वहीत टिपून घेतो. पुढे तो आकडा इतर केंद्रांच्या आकड्यांत मिसळतो, देशाचा एक निर्देशांक होतो आणि त्यावर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरतो. लिंबायतमध्ये खोलीचं भाडं वाढलं की दिल्लीतल्या कारकुनाच्या पगारात त्याचा कण पोचतो. ज्याने भाडं भरलं तो मागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेतो. त्याला महागाई भत्ता नाही, आणि त्याच्या गल्लीतलं सरासरी भाडं किती हे त्याला कोणी सांगतही नाही.

विकत घेणाऱ्याची बडदास्त वेगळी. आपल्याकडे रेडी रेकनर असतो तशी गुजरातेत जंत्री. कुठल्या सर्व्हे नंबरच्या जमिनीचा, फ्लॅटचा, दुकानाचा सरकारी दर किती, हे त्यात छापलेलं असतं. २०११नंतर बरीच वर्षं ती जुनीच होती. १५ एप्रिल २०२३पासून जमिनीचे दर एकदम दुप्पट केले गेले तेव्हा सुरतेच्या बिल्डरांनी केवढा गहजब केला. सरकारला स्टँप ड्यूटी विक्रीवर मिळते, म्हणून विक्रीचा भाव शोधून काढून छापला जातो. अकरा महिन्यांच्या करारातून सरकारला काय मिळणार?

हे अकरा महिनेही गमतीचे आहेत. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून सगळा देश अकरा महिन्यांवर येऊन थांबतो. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं केलं. त्यामुळे पुण्या-मुंबईत निदान नोंदलेल्या करारांचा एक साठा तयार होतो, आणि तपशील कोणी चाळले तर उतरलेला भाव हाती लागू शकतो. सुरतेत स्टँपपेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली की झालं. कामगार वस्तीत बहुधा तेवढंही नसतं. असते ती एक दोनशे पानी वही, दर महिन्याला मालकाची सही घेतलेली. ती वही जपून ठेवावी. डिपॉझिटच्या भांडणात भाडेकरूच्या हातात दुसरं काही नसतं. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये असं आहे. पण तो नमुना आहे, राज्यांनी आपापला कायदा केला तर खरं.

भावाची माहिती कायद्यात गोठवून ठेवल्यावर काय होतं, ते जुन्या सुरतेत दिसतं. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा तेव्हा मुंबई प्रांतात असलेल्या सुरतेलाही लागू झाला आणि १९६०मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही चालू राहिला. प्रमाणित भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेचं जे भाडं होतं ते, अशी त्यातली व्याख्या. युद्धकाळातला एक दिवस पकडून त्या दिवसाचा भाव कायमचा केला. गोपीपुरा, सगरामपुऱ्यासारख्या जुन्या भागांत लाकडी खांबांची घरं मोडकळीला आली, मालकाने हात लावला नाही, भाडेकरूने सोडली नाहीत, आणि खरा भाव पागडी होऊन टेबलाखालून फिरू लागला.

रिकाम्या घरांची माहिती हीदेखील बाजारातली माहितीच. ६ जुलै २०२४ रोजी दुपारी सचिनजवळच्या पाली गावात एक बहुमजली इमारत कोसळली आणि सात जण गेले. इमारत जुनी नव्हती, जेमतेम सात-आठ वर्षांपूर्वीची. भाड्याने राहणारे बहुतेक जण आसपासच्या कारखान्यांत काम करणारे. बरेचसे फ्लॅट रिकामे होते आणि काही जण कामावर गेले होते, म्हणून आकडा सातवर थांबला. आजूबाजूला खोलीसाठी माणसं वणवण फिरत असताना एखादी इमारत अर्धीअधिक ओस का, हा प्रश्न तिथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आलाच असेल. पण स्वस्त भाडं हे उत्तर इतकं गोड असतं, की त्यापुढचं कोणी विचारत नाही. पाली, कनसाड, सचिन हा पट्टा २०२०मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला. ३२६ चौरस किलोमीटरची सुरत एकदम ४६० चौरस किलोमीटरच्या आसपास गेली. गावठाणात ग्रामपंचायतीच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतीचा प्लॅन कोणाकडे मंजूर झाला, बांधकाम परवाना आहे का, हे भाडेकरू विचारत नाही. विचारलं तर मालक म्हणतो, तुला राहायचंय की विकत घ्यायचीय? महापालिकेच्या वेराबिलावर, म्हणजे घरपट्टीच्या बिलावर, इमारतीचं वर्ष आणि मालकाचं नाव तरी बघून घ्यावं. करार करताना ते बिल दाखवायला जो मालक कां-कूं करतो, त्याची खोली मी तरी घेणार नाही.

श्रीमंत सुरतेत उलटा प्रकार झाला. खजोदला सुरत डायमंड बोर्स उभं राहिलं, १७ डिसेंबर २०२३ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. साडेचार हजारांच्या वर कार्यालयं एका छपराखाली. मुंबईचे हिरे व्यापारी सुरतेला येणार, त्यांच्या मागे त्यांची माणसं येणार, या हिशेबाने वेसू आणि अलथाणमधल्या मालकांनी मनातल्या मनात भाडी आधीच चढवून ठेवली. त्यात मेट्रोचा सरथाणा ते ड्रीम सिटी हा मार्ग. पण नेमका त्याच सुमाराला हिऱ्याचा जागतिक बाजार मंदावला आणि मुंबईकरांनी भारत डायमंड बोर्समधलं बूड काही हलवलं नाही. वेसूतला मालक अजून बोर्सचा भाव सांगतो. भाडेकरूने त्याला एवढंच विचारावं, फ्लॅट रिकामा कधीपासून आहे? चार महिने रिकाम्या राहिलेल्या फ्लॅटचा मालक वर्षाच्या भाड्याचा तिसरा हिस्सा आधीच गमावून बसलेला असतो. त्यापुढे दहा टक्क्यांची सूट त्याला फार वाटू नये.

सरकारनेही भाड्याची घरं देऊन बघितली. टाळेबंदीत मजुरांचे लोंढे गावाकडे निघाले. २९ मार्च २०२०ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला होता, की मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये. आदेश कागदावर आणि मालक जिन्यावर, अशी गत. मग त्याच वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली आणि आधी बांधून रिकामी पडलेली सुरतेतली ३९३ घरं तिच्याखाली भाड्याने द्यायला काढली गेली. २०११च्या जनगणनेत ४४ लाख ६७ हजार वस्ती असलेल्या शहरात ३९३.

मग उरतं काय, तर आपण आणि आपली चौकशी. नोकरदार, मुलाबाळांची माणसं बहुधा मे महिन्यात घर बदलतात, शाळा सुरू व्हायच्या आत. तेव्हा मालक ताठ असतो. आखाजीला आणि लग्नसराईत खानदेशी वस्त्या गावाकडे रित्या होतात, दिवाळीत वराछा सौराष्ट्राकडे निघतो. गेलेल्यांतले काही जण परत येत नाहीत. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा-पंधरवडा झाला, की कोण परतलं नाही ते स्पष्ट होतं आणि मालकाच्या आवाजात फरक पडतो. खोली बघायला तेव्हा जावं, आणि संध्याकाळी जावं. पाण्याची वेळ सकाळची असेल तर पुन्हा एकदा सकाळीही.

खोली मिळाल्यावरही चौकशी थांबवू नये. अकरा महिने संपतात आणि मालक म्हणतो, दहा टक्के वाढ, सगळीकडे हाच रेट आहे. सगळीकडे म्हणजे कुठे, हे त्याला विचारून उपयोग नाही. वरच्या मजल्यावर गेल्या महिन्यात जो नवा भाडेकरू आला, त्याने खोली कितीला घेतली ते काढावं. तो स्वतः दोनशे कमीच सांगेल, फसलो असं कोणाला वाटू द्यायचं नसतं. त्याच्या बायकोला आपल्या बायकोने विचारावं, डिपॉझिटपासून सुरुवात करून. डिपॉझिट किती महिन्यांचं आणि एकूण किती दिलं, एवढं कळलं की भाडं भागाकाराने निघतं.